तीन कानांची सर्कलिप

मागच्या सप्टेंबरात मी माझ्या पिकअप ट्रकचा रेडिएटर घरीच बदलला. हे सांगितलं की मंडळातल्या बायका पहिल्यांदा विचारतात, "अगं, उचललास कसा?" उचलायला काय, ॲल्युमिनिअमची जाळी आणि दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. रिकामा केला की इंडियन स्टोअरमधल्या वीस पौंडी कणकेच्या पिशवीएवढाही भरत नाही. माझा जीव काढला तो त्याच्या कुशीत घुसलेल्या बोटभर जाडीच्या दोन नळ्यांनी. सगळ्या कामाला दीड दिवस लागला, त्यातले पाच तास त्या दोन नळ्या सोडवण्यात गेले. यूट्यूबवरच्या माणसाला त्यासाठी आठ सेकंद लागतात. "आता क्लिप काढा" म्हणतो, कॅमेरा दुसरीकडे फिरतो आणि परत येतो तेव्हा नळी त्याच्या हातात असते. मधलं जे त्यानं दाखवलं नाही, ते इथे लिहिते.

ट्रक म्हणजे २००४ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, रंग एकेकाळी गडद हिरवा. आम्ही ओहायोत, डेटनजवळ राहतो. ट्रक शेजारच्या आजोबांचा होता. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि अंगणात उभी राहून गंजण्यापेक्षा तुम्ही न्या म्हणाले. नवऱ्याला पटलं नव्हतं. आता मात्र बागेचं खत, लाकडी फळ्या, मंडळाच्या गणपतीची मखरं, नाटकाचे पडदे, कोणाचा तरी सोफा, सगळं त्यातूनच जातं, आणि "ट्रक रिकामा आहे का हो?" हा फोन नवऱ्यालाच येतो.

गळती ऑगस्टपासून होती. रोज सकाळी गाडीखाली वाटीभर नारिंगी पाणी आणि वर गुळाच्या पाकासारखा गोडसर वास. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जाळीला जिथे धातूचे दात मुडपून आवळलेली असते, त्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या त्या नारिंगी पाण्याची, खरपुडी धरली होती. वीस वर्षं तापून-निवून प्लॅस्टिक थकतं, यात कुणाचा दोष नाही. एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी नऊशे डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्या गंजल्यात. सोडवताना तुटल्या तर त्यांचे पैसे वेगळे." नवा रेडिएटर मला एकशेऐंशी डॉलरला मिळत होता. पण त्या माणसाचं शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले. नऊशे डॉलर घेणारा माणूस ज्या दोन नळ्यांना बिचकतो, त्या मी कशा सोडवणार?

म्हणून मामाला फोन लावला.

माझ्या मामाचं कराडात कोल्हापूर नाक्याजवळ गॅरेज होतं. होतं म्हणजे अजून आहे, आता मामेभाऊ चालवतो, मामा नुसता खुर्ची टाकून बसतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथेच पडलेली असायचो. हायवेवर ट्रक नादुरुस्त झाला की तो मामाकडे ओढून आणायचे. उसाच्या हंगामात तर ट्रॅक्टरांची रांग लागायची. भावांना पाना धरायला मिळायचा. माझ्याकडे काम एकच: घमेल्यात रॉकेल घेऊन नटबोल्ट धुवायचे. पोरीच्या हातात पाना द्यायचा नाही असा नियम कोणी बोलून दाखवला नव्हता, पण होता. त्याचा एक फायदा असा झाला की कुठला बोल्ट कुठून आला हे भावांपेक्षा मला जास्त ठाऊक असायचं. पुढे मी लॅब टेक्निशियन झाले. तिथेही काम तेच, धुवायचं, पुसायचं, चिठ्ठी लावून ठेवायचं.

शनिवारी सकाळी आठला मी बॉनेट उघडून फोन आत धरला. कराडात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. मामानं चष्मा लावून बघितलं.

"दोन जाड नळ्या पाण्याच्या, त्या कळल्या. ह्या बाजूच्या बारक्या दोन कशाच्या?"

"गिअरबॉक्सच्या ऑईलच्या, मामा."

"गिअरबॉक्सचं ऑईल रेडेटरात कशाला जातंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मामाची हयात गेली हातानं गिअर टाकायच्या गाड्यांवर. टाटा ४०७, ॲम्बॅसॅडर, जीप. त्या गिअरबॉक्सात तेल ओतलं की ते तिथेच दातांमध्ये घुसळत बसतं, बाहेर कुठे जात नाही. माझा ट्रक ऑटोमॅटिक, त्याचं तसं नाही. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या लोटानं समोरचा पंखा फिरतो. दोन पंख्यांच्या वेगात फरक असला की तेल नुसतंच घुसळलं जातं आणि तापतं. चढ असला, मागे ओझं असलं, ट्रॅफिकमध्ये अडकलं की जास्तच. म्हणून ते तेल पंपानं एका नळीतून पुढे रेडिएटरपर्यंत न्यायचं, गार करायचं आणि दुसऱ्या नळीतून परत आणायचं.

गार कसं होतं, तर रेडिएटरच्या एका टाकीच्या पोटात आणखी एक छोटा कूलर बसवलेला असतो. त्याच्या आतून तेल वाहतं, बाहेरून कूलंट. तापलेल्या दुधाचं पातेलं आपण पाण्याच्या परातीत ठेवतो, तसं. परातीतलं पाणीही इथे हात भाजेल इतकं गरम असतं म्हणा, पण गिअरबॉक्सच्या हिशेबानं ते गारच. शिवाय ओहायोच्या जानेवारीत हीच परात उलटं काम करते, गोठलेल्या तेलाला ऊब देते.

हे सगळं मी सांगितल्यावर मामा पहिलं काय म्हणाला असेल? "आणि आतलं फुटलं तर?"

चाळीस वर्षं गाड्या खोललेल्या माणसाचं डोकं असं चालतं. आतला कूलर फुटला तर तेल कूलंटमध्ये आणि कूलंट तेलात मिसळतं. लाल तेल आणि पाणी घुसळून गुलाबी फेसाळ लगदा होतो, दिसायला थेट पुण्यातली स्ट्रॉबेरी मस्तानी. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्यांवर कागदासारखं अस्तर डिंकानं चिकटवलेलं असतं, ते पाण्यानं सुटायला लागतं. मग रेडिएटर राहतो बाजूला आणि गिअरबॉक्सचं बिल येतं. म्हणून कूलंट गळणारा जुना रेडिएटर बदलायच्या आधी दोन ठिकाणी बघून घ्यावं: कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का, आणि गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं, तेल दुधट झालंय का. माझं दोन्हीकडे स्वच्छ होतं. गळती फक्त बाहेरच्या सांध्याची होती.

पुढचं भराभर सांगते, कारण ते खरंच भराभर झालं. इंजिन रात्रभर थंड. मागच्या चाकांना लाकडी ओंडके. बॅटरी सोडली. खालच्या कोपऱ्यातला तोटीचा स्क्रू सैल करून कूलंट परातीत घेतलं. ते लगेच झाकून ठेवलं, कारण ते चवीला गोड आणि मांजरा-कुत्र्यांना विष, आणि आजोबांचं मांजर आमच्या गॅरेजला स्वतःचंच घर समजतं. पंख्यावरचं वरचं झाकण काढलं. वरची-खालची रबरी होज पाईप पकडीनं क्लिपा दाबून ओढून काढली. प्रत्येक बोल्ट कागदी टेपच्या चिठ्ठीसह स्टीलच्या डब्यात टाकला. दहा वाजायच्या आत मी त्या दोन नळ्यांसमोर उभी होते.

या नळ्या ट्रकच्या उजव्या अंगाला, म्हणजे इथे जिथे ड्रायव्हरशेजारचा माणूस बसतो त्या बाजूला, रेडिएटरच्या टाकीत शिरतात. एक वर, एक खाली. दिसतं काय, तर पोलादी नळी येते आणि तिच्यावर काळ्या प्लॅस्टिकची टोपी असते. नट कुठेच दिसत नाही. माझा पहिला तासभर इथेच गेला, कारण मी पाना कुठे लावायचा ते शोधत होते. पाना लावायचाच नसतो.

टोपी ही नुसती टोपी आहे. ती नळीवरून मागे सरकवायची. जागच्या जागी चिकटली असेल तर चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं चहूबाजूंनी जरा जरा उचकायची. टोपी मागे गेली की रेडिएटरमध्ये आट्यांनी बसवलेलं फिटिंग, म्हणजे नळीचं टोक ज्यात शिरतं तो तुकडा, दिसतं, आणि त्याच्या गळ्याभोवती एक बारीक तारेचं कडं. पूर्ण कडं नाही, एका बाजूला तोंड उघडं असलेलं. ते मामाला दाखवलं.

"आगं, ही तर सर्कलिप हाय की!" मामा एकदम खुशीत आला. सातासमुद्रापारच्या गाडीत ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. "हिला जोर लावू नगंस. एक टोक धर, बाहेर काढ, आन मग गोल फिरवत ने. आन वर फडकं धर, न्हाईतर उडंल."

कराडच्या कुठल्याही गॅरेजात सर्कलिप हा शब्द चहासारखा वापरतात. पण नेहमीची सर्कलिप खाचेत नुसती बसते. हिला तीन जागी आत वळलेले कान असतात. फिटिंगच्या गळ्याला तीन भोकं असतात, त्यांतून हे कान आत डोकावतात. नळीच्या टोकापासून थोडं मागे एक उंचवटा असतो, अंगठीसारखा. नळी आत ढकलली की उंचवटा कानांना फाकवून पुढे जातो, कान मागून परत मिटतात आणि नळी अडकते. बाहेर ओढलं की उंचवटा त्या कानांवरच आपटतो. म्हणजे जितकं जोरानं ओढाल तितकी ती घट्ट. माझ्यासारखे लोक अर्धा तास ओढत बसतात आणि नळी वाकडी करून ठेवतात, ते यामुळेच.

आजोबा तोवर कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आले होते. ते तीस वर्षं मोरेनच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते, २००८ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर तो बंद पडेपर्यंत. त्यांना विचारलं, ही क्लिप काढायची युक्ती काय?

"काढायची?" ते म्हणाले. "आमच्या लाईनवर अशीच क्लिप यायची. नळी ढकलायची, टक् वाजलं की पुढची गाडी. काढायचा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही."

मी हे मामाला मराठीत सांगितलं. मामा इतका हसला की फोन हलायला लागला. मला मात्र त्या एका वाक्यात सगळं कळलं. नट आवळायला कामगाराला वेळ लागतो, कमी-जास्त आवळला जातो, आटे चुकतात. क्लिपेत ते काही नाही. ही वस्तू बसवणाऱ्यासाठी केलेली आहे. सोडवणारा वीस वर्षांनी येणार, कुठल्या तरी अंगणात, आणि त्याचा विचार कोणी कशाला करेल?

दुकानातून मी वाकड्या टोकाच्या आकड्यांचा संच आणला होता, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. त्यातल्या एकाचंही टोक क्लिपेच्या टोकाखाली जाईना. फिटिंग आणि तार यांच्यात वीस हिवाळ्यांची माती आणि मीठ. इथे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाशी जाऊन बसतं. ओहायोतली गाडी वरून चकाचक दिसली तरी खालून खाल्लेली असते. गंज सुटायचा स्प्रे मारला, दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं, ब्रेक क्लीनरनं धुतलं. तरी नाही. शेवटी घरात गेले आणि शिवणाच्या डब्यातून आईची क्रोशाची सुई आणली. लेसकामाची, पोलादी, अगदी बारीक. आईनं या सुईनं तोरणं विणली, टेबलक्लॉथ विणले, माझ्या लेकीची टोपी विणली. ती सुई तारेखाली गेली. तिच्या आकड्यात क्लिपेचं टोक अडकलं, मनगट वळवलं, एक कान भोकातून बाहेर आला.

आणि मी फडकं धरायला विसरले.

टिंग असा आवाज झाला, क्लिप बॅटरीच्या बाजूला कुठेतरी गेली. शोधली नाही, कारण जुनी क्लिप परत वापरायचीच नसते. एकदा ताणली की तिचा ताठा जातो. चार डॉलरच्या पाकिटात नव्या मिळतात.

क्लिप गेल्यावर वरची नळी नुसती सरळ ओढली तर आली. तिरकी नाही, सरळ. तिच्यातून लाल तेल यायला लागलं, म्हणून खाली भांडं आधीच ठेवावं. नळीच्या तोंडाला मी रबरी हातमोज्याचं बोट कापून बसवलं आणि वर रबरबँड. लॅबमधली सवय. तेल थांबणं हे कारण आहेच, पण गिअरबॉक्सच्या तेलात धुळीचा कणही जाऊ नये हे मोठं कारण. आतल्या झडपांच्या वाटा फार अरुंद असतात.

खालची नळी ही वेगळीच कथा.

तिथपर्यंत वरून हात पोचतो, पण डोळे पोचत नाहीत. डोळे पोचायचे तर गाडीखाली उताणं पडावं लागतं, आणि मग हात पोचत नाहीत. ट्रक उंच असल्यामुळे जॅक न लावता खाली जाता येतं एवढंच सुख. वरच्या क्लिपेपेक्षा ही जास्त गंजलेली. तिचं एक टोक सुईत धरलं, ओढलं आणि ते टोकच तुटून हातात आलं. आता धरायला काही उरलं नाही. दुसरं टोक वळून मागच्या बाजूला, रेडिएटर आणि चौकटीच्या मध्ये. दीड वाजला होता. कराडात रात्रीचे अकरा, मामा झोपलेला. आजोबांचं मांजर माझ्या पोटावर येऊन बसलं.

मी तिथेच पडल्या पडल्या विचार केला. मला नळी फिटिंगमधून सोडवायची आहे का? नाही. मला नळी रेडिएटरपासून सोडवायची आहे. आणि रेडिएटर तर भंगारात जाणार. मग फिटिंगसकट नळी बाहेर काढली तर? फिटिंग रेडिएटरच्या टाकीत आट्यांनीच बसलेलं असतं आणि त्याला षटकोनी अंग असतं. इथे मात्र पाना लागतो! टोपी आणखी मागे सारली, फिक्स पाना लावला. दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवली, कारण गंजलेलं फिटिंग फिरताना नळीलाही पीळ देतं आणि पोलादी नळी एकदा पिळली की संपली. पाव फेरा, थांबायचं, स्प्रे मारायचा, परत पाव फेरा. नवा रेडिएटर असता तर टाकीच्या बाहेरचा नटसुद्धा दुसऱ्या पान्यानं धरावा लागला असता, नाहीतर आतला कूलरच फिरतो. इथे ती फिकीर नव्हती, मोडला तर मोडला.

साडेतीनला फिटिंग सुटलं. तेल कोपरावरून बाहीत, बाहीतून काखेत. पण नळी आता मोकळी होती, पुढे ओढून उजेडात आणता येत होती, आणि समोर दिसत असलेली क्लिप पकडीच्या टोकानं काढणं हे पाच मिनिटांचं काम निघालं. फिटिंग पुढे भंगारात गेलं, नवं मी पाकिटात आणलेलंच होतं. तेव्हा तुमच्या नळीचं कडं अजिबात सुटत नसेल आणि रेडिएटर तसाही टाकायचाच असेल, तर सुईशी झटापट करत बसण्यापेक्षा फिटिंगला पाना लावा. माझे दोन तास वाचले असते.

जुना रेडिएटर वर ओढून काढला, नवा खाली उतरवला. नव्याच्या भोकांना प्लॅस्टिकची बुचं असतात, ती काढायला विसरू नका. हसू नका, लोक विसरतात.

बसवतानाचा नियम मी आधी उलटा समजले होते. मला वाटलं, आधी नळी घालायची, मग वरून क्लिप. तसं नाही. आधी नवी क्लिप रिकाम्या फिटिंगवर चढवायची, तीही एक टोक भोकात घालून गोल फिरवत, वरून दाबून नाही. मग आत डोकावून तिन्ही कान दिसतात का बघायचं. मगच नळी सरळ ढकलायची. टक् असा आवाज येतो. आला की एकदा मागे झटका देऊन ओढून बघायचं. नळीवर एक पिवळा पट्टा असतो, तो पूर्ण आत गेलेला पाहिजे. बाहेर दिसत असेल तर नळी अर्धीच बसली. शेवटी टोपी पुढे सरकवायची. टोपी फिटिंगला चिकटून बसली पाहिजे, मध्ये फट नको. सकाळी मी जिला नुसती टोपी म्हटलं, ती खरं तर पहारेकरी आहे. नळी नीट बसली नसेल तर टोपी बसतच नाही.

वरची टक् वाजली. खालची वाजली की नाही हे मला नक्की सांगता येईना. दमले होते, सात वाजले होते, शेजारी कोणीतरी गवत कापत होतं. टोपी सरकवली, जवळजवळ बसली. "जवळजवळ" या शब्दावर मी आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोपले.

पहाटे चारला जाग आली. ती नळी चालत्या गाडीत सुटली तर काय होईल? इंजिन सुरू असताना पंप त्या नळ्यांमधून तेल फिरवत असतो. सुटलेल्या नळीतून ते हायवेवर सांडणार, आणि कोरडा गिअरबॉक्स मैलभरही तग धरेल की नाही. मागे मंडळाचा गणपती.

उजाडल्यावर टॉर्च आणि पर्समधला छोटा आरसा घेऊन खाली गेले. टोपी आणि फिटिंगमध्ये नाण्याच्या कडेएवढी फट, आणि आरशात पिवळ्या पट्ट्याची कोर. नळी ओढली, अलगद हातात आली. कानांत अडकलीच नव्हती! फिटिंगमध्ये आरसा धरला तर दोन कान दिसत होते, तिसरा भोकाच्या काठावर चढून बसला होता. क्लिप टाकून दिली, पाकिटातली दुसरी घेतली, यावेळी फडकं धरून, फिरवत फिरवत. एक, दोन, तीन. नळी ढकलली. टक्. इतका स्पष्ट की मांजरानं मान वर केली.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. भांड्यात सांडलेलं लाल तेल मी फेकलं नव्हतं. जुन्या मोजपात्रात ओतलं, साडेपाचशे मिली भरलं. बाहीत आणि जमिनीवर गेलेलं धरून सहाशे. तेवढंच नवं डेक्सरॉन सिक्स, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, डिपस्टिकच्या नळीतून फनेलनं घातलं. माझ्या वर्षीच्या ट्रकसाठी पुस्तकात डेक्सरॉन थ्री लिहिलेलं आहे, पण जनरल मोटर्सनं नंतर त्याच्या जागी सिक्स दिलं आणि ते जुन्या गिअरबॉक्सांना चालतं. हा गिअरबॉक्स टोलेडोलाही बनायचा, आमच्यापासून आय-७५ हायवेनं अडीच तास. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. मग इंजिन सुरू केलं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका खुणेवर थोडा थांबवत खाली नेला आणि वर आणला, परत पार्कवर आणून इंजिन चालू असतानाच डिपस्टिक बघितली. गाडी गरम झाल्यावर पुन्हा एकदा. थंड गाडीत किंवा इंजिन बंद करून बघितलं तर आकडा खोटा येतो. खाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. अर्ध्या तासानं त्यावर एकही थेंब नव्हता.

जुनं तेल पार्ट्सच्या दुकानात फुकट घेतात, ते दिलं. कूलंट काउंटीच्या केंद्रावर नेऊन दिलं. क्रोशाची सुई साबणानं धुतली, पण तिला अजून तेलाचा वास आहे.

दुपारी अकराला मामाला चालू इंजिनाचा व्हिडिओ पाठवला. वर लिहिलं, "झालं. गळती नाही." दहा मिनिटांनी फोन आला. वाटलं, शाबासकी मिळणार.

"व्हिडिओ न्हाई बघितला," मामा म्हणाला. "डोळं दुखत्यात. नुसता ऐकला. पोरी, तुझा पट्टा किरकिरतोय. पुलीचं बेअरिंग बघ."

"कुठं किरकिरतोय? मला तर काही ऐकू आलं नाही."

"जा, परत चालू कर. पंख्याच्या बाजूला कान लाव. ओढणी आधी काढून ठेव."

मी आता ओढणी घेत नाही हे सांगायला गेले नाही. बाहेर आले, इंजिन सुरू केलं, पंख्यापासून हातभर लांब राहून वाकले. आजोबा कुंपणापलीकडून मग उंचावून बघत होते. किरकिरत होता.